एकच झाड, वर्षभर: बघायचं कसं आणि लिहायचं काय

खोडपान

माघ सरत आलाय. पिंपळ पानं टाकू लागलेत, सावर आणि पळस फुलावर आहेत, कडुनिंब पिवळा पडतोय. एक झाड धरून वर्षभर बघायचं असेल तर सुरुवातीला याहून चांगला काळ नाही. पुढच्या आठ-दहा आठवड्यांत आपल्याकडचं पानझडी झाड उघडं पडतं आणि पुन्हा पालवतं, त्यामुळे नवख्या माणसालाही दर आठवड्याला काहीतरी बदललेलं दिसतं. पावसाळ्यात सुरू केलं तर तीन महिने नुसतं हिरवं.

आधी एक खुलासा. ‘दगड मारणाऱ्यालाही झाड फळ देतं’ या जातीचे सुविचार इथे नकोत. ती वाक्यं झाड न बघताही लिहिता येतात, आणि बहुतेक तशीच लिहिलेली असतात. इथली पद्धत नेमकी उलट आहे: झाडाच्या तोंडी आपली वाक्यं घालायची नाहीत, आणि ती घालायची ऊर्मी कधी, कशी येते याची नोंद ठेवायची. आत बघणं म्हणतात ते या दुसऱ्या भागात आहे.

झाड निवडताना तीन गोष्टी पाहा. घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत हवं. लांबचं सुंदर झाड महिन्याभरात सुटतं. संपूर्ण झाड एका जागेवरून दिसायला हवं, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर उभं राहायला मोकळी जागा हवी. आणि हाताच्या उंचीवर एखादी तरी फांदी हवी. पिंपळ, कडुनिंब, बहावा, पळस, उंबर, ताम्हण चांगले. सोसायटीच्या कुंपणाला लावलेला उभा खोटा अशोक टाळा, त्याच्यातले बदल पकडायला सरावलेली नजर लागते.

वही कोरी, बिनरेघी. पेन्सिल वापरा, पावसात शाई फुटते. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं, ते घ्या. सुतळीचा तुकडा आणि मोजपट्टी. मोबाईल खिशात, बंद.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास. पहिली पाच मिनिटं लांबून, फक्त आकार: कुठे दाट, कुठे आकाश दिसतंय. पुढची दहा मिनिटं झाडाचा एकच भाग, समजा पूर्वेकडची खालची फांदी. मग पाच मिनिटं जवळ जाऊन साल, एक डहाळी, जमिनीवर पडलेलं काय काय. मग पाच मिनिटं डोळे मिटून आवाज. उरलेल्या पाचात लिहायचं. क्रम बदलू नका. लांबून सुरुवात केली नाही तर जवळचं काहीतरी चमकदार, एखादा किडा किंवा फूल, सगळा वेळ खाऊन टाकतं.

वहीचं उजवं पान झाडाचं, डावं आपलं. उजव्या पानावर फक्त दिसलेलं, ऐकलेलं, मोजलेलं. पहिले सहा आठवडे तिथे भव्य, उदास, शांत, प्रसन्न ही विशेषणं बंद. डाव्या पानावर त्या अर्ध्या तासात मनात जे आलं ते, तुकड्यातुकड्यात. नमुना देतो:

उजवं: स. ७.१०. आकाश निरभ्र, वारा नाही. पूर्वेची फांदी – सुमारे एक तृतीयांश पानं पिवळी. पश्चिमेची – हिरवी. तांबटाचा आवाज, पक्षी दिसला नाही. खोडावर मुंग्या, वर जाणाऱ्या जास्त.

डावं: अर्धं झाड संपलंय असं वाटलं. उद्याची मीटिंग आठवली. दोनदा घड्याळाकडे हात गेला.

‘संपलंय’ हा शब्द उजव्या पानावर कुठेच नाही. तिथे एक तृतीयांश पिवळी पानं आहेत. संपणं आपण नेलं. एका नोंदीवरून काहीच निष्कर्ष काढू नका. महिन्याच्या शेवटी सगळी डावी पानं एका बैठकीत वाचा आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द अधोरेखित करा. झाड बदलत असतं आणि ते चार-पाच शब्द मात्र तेच असतात. ध्यानाला बसून जे सापडायला कठीण जातं ते इथे कागदावर मिळतं.

लिंबोळी

पद्धत आवडली. पण खरं सांगा, पिंपळाकडे दहा मिनिटं बघण्यासारखं काय असतं? दोन मिनिटांत ‘बघून झालं’ असं होतं. नेमकं कुठे बघायचं?

उंबरफूल

लिंबोळीताई, दहा मिनिटं कमी पडतील. डहाळीच्या टोकापासून सुरू करा.

पिंपळाच्या डहाळीच्या टोकाला लांबट, टोकदार कोंब असतो. ते पान नव्हे, पानाला झाकणारं आवरण. पान उमलताना ते गळून पडतं आणि डहाळीभोवती बारीक कडं सोडून जातं. वड, उंबर, नांदुरकी, पायर या सगळ्या भावंडांत हे कडं दिसतं. आता दोन कड्यांमधलं अंतर बघत टोकाकडून मागे या. अंतर लांब असेल तिथे डहाळी जोमात वाढली, कडी एकमेकांना चिकटून असतील तिथे वाढ अडली होती. मागच्या हंगामांची हकिगत त्या वीतभर काडीवर असते, फक्त भिंगाने वाचावी लागते.

मग देठ. पान रुंद, देठ लांब आणि लवचीक, म्हणून शेजारचा आंबा स्तब्ध असताना पिंपळ सळसळतो. वारा नाही असं लिहिण्याआधी पिंपळाची पानं बघा.

नवी पालवी तांबूस-गुलाबी आणि लोंबती येते, काही आठवड्यांत हिरवी होऊन ताठते. एका डहाळीवर कच्च्या सुताचा सैल धागा बांधा आणि त्याच्या पुढची पानं दर आठवड्याला मोजा. नायलॉनची दोरी नको आणि घट्ट गाठ तर मुळीच नको. डहाळी जाड झाली की दोरी सालीत रुतते आणि पानांकडून खाली येणारं अन्न अडतं. दोन महिन्यांनी धागा काढून नवा बांधा.

पानगळीबद्दल. पान गळण्याआधी झाड त्यातलं नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी परत ओढून घेतं, देठाच्या बुडाशी वेगळा थर तयार होतो आणि तिथून पान सुटतं. गळलेल्या पानाच्या देठाचं टोक भिंगाखाली धरा, तुटल्यासारखं न दिसता गुळगुळीत दिसेल. हिरवं असताना ओरबाडलेलं पान शेजारी ठेवा, फरक लगेच कळतो. आणि एका रस्त्यावरचे दोन पिंपळ एका वेळी पानं टाकत नाहीत. एक बोडका आणि शेजारचा गर्द असं सर्रास दिसतं. कधी एकाच झाडाच्या दोन फांद्या वेगळ्या चालतात. त्यामुळे ‘पिंपळाची पानगळ फेब्रुवारीत’ हे वाक्य पुस्तकापुरतं, तुमच्या पिंपळाची तारीख तुम्हीच लिहायची.

नोंदीसाठी सोपी मोजणी हवी असेल तर सीझनवॉच या देशभर चालणाऱ्या नागरिकांच्या उपक्रमाची पद्धत घ्या. कोवळी पानं, जून पानं, सुकती पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडं’ किंवा ‘बरंच’. एक तृतीयांशापेक्षा कमी म्हणजे थोडं. टक्केवारीच्या नादी लागू नका, दोन माणसांचा अंदाज कधी जुळत नाही.

ठोंब्या

सगळं छान, पण हे वनस्पतिशास्त्र झालं. या चर्चेच्या सुरुवातीला ‘आत बघणं’ होतं, ते मध्येच कड्यांमध्ये अडकलं. अध्यात्म कुठे आहे यात?

जुना_पार

ठोंब्या, उपनिषदांतल्या झाडांशी काय करतात ते बघा, तिथेही सुरुवात हाताने करायच्या कामाने होते. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात बाप मुलाला वडाचं फळ आणायला सांगतो. फोड. काय दिसतं? बारीक बिया. त्यातली एक फोड. काय दिसतं? काहीच नाही. आणि मग बाप म्हणतो, जे तुला दिसत नाही त्याच सूक्ष्मातून हा एवढा वड उभा आहे.

हे एकदा खरंच करा. वडाचं पिकलं लाल फळ जमिनीवरून उचला, झाडावरचं तोडू नका. पांढऱ्या कागदावर ब्लेडने उभं चिरा, देठापासून समोरच्या छिद्रापर्यंत. आतली बाजू भरून बारीक फुलं असतात. वड-पिंपळ-उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, म्हणून बाहेर दिसत नाहीत. अधूनमधून इवल्या माश्याही निघतील, काही जिवंत. दर जातीच्या वडाला-पिंपळाला बहुधा स्वतःची वेगळी माशी असते, मादी त्या छिद्रातून आत शिरते आणि परागीकरण करते. नराला पंख नसतात, तो बहुधा आतच जन्मतो आणि आतच मरतो. मग एक बी वेगळी करा, मिलिमीटरच्या आसपास असते. टाचणीने नखावर दाबून फोडा, भिंग लावा.

इथे थांबायचं. नव्वद टक्के लोक या टप्प्यावर ‘तत्त्वमसि’ (ते तूच आहेस) म्हणून मोकळे होतात, कारण पुढचं वाक्य पाठ असतं. मुलाचं उत्तर ‘काही नाही, भगवन्’ एवढंच आहे. तेवढंच उजव्या पानावर लिहा: बी फोडली, काही दिसलं नाही. आणि डाव्या पानावर लिहा की ‘काही दिसलं नाही’ वर थांबताना काय झालं. चुळबुळ, अर्थ लावायची घाई, आपण फसलो असं वाटणं, जे असेल ते. अध्यात्म विचारलंत ना, ते या अस्वस्थतेच्या नोंदीत आहे. डहाळीवरची कडी मोजणं हे त्यासाठी बसायचं आसन आहे.

दुसरा प्रयोग फळांच्या दिवसांत. मुंडक उपनिषदात एका झाडावरचे दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. पिंपळ फळला की हरियाल, तांबट, कोकिळा, मैना, बुलबुल यांची झुंबड उडते. वीस मिनिटं एकाच पक्ष्यावर नजर ठेवा: किती फळं खाल्ली, किती टाकली, किती वेळ नुसता बसला. या वीस मिनिटांत आपण किती वेळा दुसऱ्या, जास्त रंगीत पक्ष्याकडे वळलो याच्या वहीच्या कोपऱ्यात रेघा मारा. त्या रेघा हे खाणाऱ्याचं काम, रेघ मारणारा दुसरा. मंत्राचा अर्थ यापेक्षा मोठा आहे हे मान्य, पण सुरुवात इथून होते.

अनिकेत_राव

माझा आक्षेप मुळावर आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात अश्वत्थ, म्हणजे पिंपळ, आहे तो तोडण्यासाठी. वर मुळं, खाली फांद्या, आणि ‘असंगशस्त्रेण दृढेन छित्त्वा’, अनासक्तीच्या बळकट शस्त्राने तोडून. झाड हे संसाराचं रूपक आहे, त्याला मिठी मारून बसणं हे त्या अध्यायाच्या बरोबर विरुद्ध. तुम्ही परंपरेचं नाव घेऊन निसर्गप्रेम करताय.

जुना_पार

रावसाहेब, आक्षेप रास्त आहे, अर्धा. त्याच श्लोकात ‘न रूपमस्येह तथोपलभ्यते’ असंही आहे: त्या झाडाचं रूप इथे तसं दिसत नाही. म्हणजे चौकातला पिंपळ आणि पंधराव्यातला अश्वत्थ एक नव्हेत, हे गीताच सांगते. आणि दहाव्यात ‘अश्वत्थः सर्ववृक्षाणाम्’ आहेच, तिथे तोच वृक्ष विभूती, म्हणजे देवाचं खास रूप, आहे. एकाच ग्रंथात दोन्ही.

भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंत झाडाला स्वतंत्र क्रमांक नाही, ते पृथ्वीच्या पोटात येतं, पर्वताबरोबर. तिथे त्याच्याकडून घ्यायचं आहे ते दुसऱ्यासाठी असणं. मला स्वतःला ते जरा उपदेशी वाटतं. त्यापेक्षा बौद्ध परंपरेतला दाखला या चर्चेला जवळचा आहे. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध एक आठवडा बोधिवृक्षाकडे पापणी न हलवता बघत उभे होते असं सांगतात, बोधगयेत त्या जागेला अनिमेषलोचन म्हणतात. आज तिथे असलेला पिंपळ १८८१ मध्ये लावलेला आहे, आधीचा १८७६ मध्ये वादळात पडला. आपल्याकडे नागपूरला दीक्षाभूमीवर श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचा वंशज आहे.

अनिकेत_राव

दहाव्याचा मुद्दा मान्य. ‘असंग’ मात्र सोडू नका. वर्षभर एका झाडाकडे जाऊन ‘माझं झाड’ व्हायला वेळ लागत नाही.

खोडपान

ही सूचना फार उपयोगी आहे. डाव्या पानावर ‘माझं’ हा शब्द कितव्या आठवड्यात येतो ते बघा. साधारण पालवी फुटते तेव्हा येतो, बोडकं असताना क्वचित.

चैत्रपालवी

पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू देतो, म्हणून त्याच्याखाली ध्यान लवकर लागतं असं ऐकलंय. मग संध्याकाळी बसणं जास्त चांगलं ना? आणि झाडं मुळांमधून एकमेकांशी बोलतात, आईझाड पिल्लांना अन्न देतं, याबद्दलही कुणीतरी लिहा.

उंबरफूल

रात्री कुठलंच झाड प्राणवायू देत नाही, पिंपळही नाही. प्राणवायू तयार व्हायला प्रकाश लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वसन करतो. संध्याकाळी बरं वाटतं ते उतरलेल्या उन्हामुळे आणि कमी रहदारीमुळे.

आईझाडाबद्दल: मुळांवरच्या बुरशीचं जाळं खरं आहे, झाड आणि बुरशी यांच्यातली देवाणघेवाणही पक्की आहे. पण जंगलात त्या जाळ्यातून मोठी झाडं आपल्या रोपांना ओळखून पोसतात, या दाव्याला प्रत्यक्ष जंगलातला पुरेसा पुरावा नाही असं या विषयातल्याच तीन संशोधकांनी २०२३ मध्ये लिहिलं. गोष्ट इतकी पसरली कारण ती आपल्याला हवी होती. डाव्या पानाचं याहून ठळक उदाहरण शोधून सापडणार नाही.

संध्याकाळी बसायचं तर पिंपळापेक्षा चिंच किंवा पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) घ्या. मावळतीच्या आधी पंधरा मिनिटं बसा आणि एकच संयुक्त पान, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पर्णिका असलेलं, नजरेत धरून ठेवा. पर्णिका जोडीजोडीने मिटत जातात. क्षणाक्षणाला हालचाल दिसत नाही, पण पाच मिनिटांनी बघितलं तर कोन बदललेला असतो. सतत बघणाऱ्याला दिसत नाही आणि मध्ये नजर हलवणाऱ्याला दिसतं, ही गंमत अनुभवण्यासारखी आहे. ढगाळ दुपारीही पर्जन्यवृक्ष पानं मिटतो.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. झाड वाढताना जुन्या फांद्या वर सरकत नाहीत. उंची फक्त टोकांशी वाढते, जाडी सालीखालच्या पातळ जिवंत थरात. खोडावर कुणी नाव कोरलं असेल तर ते वीस वर्षांनीही त्याच उंचीवर असतं, फक्त अक्षरं फाकतात. जुन्या झाडाच्या खोडाचं आतलं लाकूड बहुतांशी मृत असतं. म्हणून पोकळ वड आरामात उभा राहतो.

लिंबोळी

काल पहिला अर्धा तास झाला. डहाळीवरची कडी सापडली! एक शंका: झाडाचा फोटो काढून घरी नीट बघितला तर चालेल का?

खोडपान

महिन्यातून एक, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, आणि तोही लिहून झाल्यावर. आधी फोटो काढला की डोळे सुट्टीवर जातात. फोटोत सगळं आहे असं वाटून आपण बघायचं थांबतो. त्यापेक्षा चित्र काढा. चित्रकला येत नसेल तर उत्तम. पूर्ण झाड काढायचं नाही, फक्त पाच मुख्य फांद्यांचे कोन, कागदाकडे कमी आणि झाडाकडे जास्त बघत. फांदी खोडापासून कुठल्या उंचीवर निघते आणि कुठे वळते एवढंच. पहिल्या चित्रात सगळ्यांच्या फांद्या दोन्ही बाजूंना सारख्या निघतात. झाडाच्या तशा नसतात. आपण डोक्यातलं झाड काढत असतो.

आता काय काय बिघडतं ते लिहितो, म्हणजे पुढे विचारायला नको.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात कंटाळा येतो. नवलाई गेलेली असते आणि नजर अजून बारीक झालेली नसते. तेव्हा झाड बदलू नका, भाग बदला: पूर्वेऐवजी उत्तर, फांदीऐवजी खोडाचा हातभर चौकोन. सुतळीने एक चौकोन आखून त्यातलं सगळं मोजा: सालीच्या भेगा, दगडफुलं, कोळ्याची जाळी, मुंग्या. दगडफूल एक जीव नाही, बुरशी आणि शेवाळ मिळून ते होतं. पुण्या-मुंबईत वर्दळीच्या रस्त्यावर ते कमी आणि बागेत जास्त का, याचा विचार सुरू झाला की कंटाळा मागे पडतो.

दुसरा बिघाड: डावं पान फुगत जातं आणि उजवं आकसतं. मग ती रोजनिशी होते. रोजनिशी वाईट नाही, पण त्यासाठी झाड लागत नाही. नियम साधा ठेवा, डावं पान उजव्यापेक्षा लांब होता कामा नये.

तिसरा: नाव ओळखण्याचा छंद. ॲपवर फोटो टाकला, नाव आलं, समाधान झालं, बघणं संपलं. नाव पहिल्या दिवशी विचारून घ्या आणि विषय मिटवा.

आणि एक गंभीर. डाव्या पानावर लागोपाठ अनेक आठवडे निराशाच येत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला. हे निरीक्षण उपचार नाही, आणि जपानमधल्या शिनरिन-योकूसारखं आरोग्यासाठी रानात फिरणंही नाही. तिथल्या वनखात्याने १९८२ मध्ये ते सुरू केलं ते वेगळ्या हेतूने. त्यात खूप झाडं आणि कमी नोंदी. इथे एक झाड आणि भरपूर नोंदी.

टेकडीवाला

झाडाखाली बसण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. वर बघून मगच बसा. वड, सावर आणि उंच इमारतींवर आग्यामोहोळ असतं. खाली अत्तर, धूर, मोठा आवाज नको. मोहोळ दिसलं तर तेवढे महिने लांबूनच बघा. आंब्यावर पानं जोडून केलेली घरटी दिसली तर ते ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, खोडाला टेकू नका. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे असतात, बोट लागलं तरी खाज. टेकडीवर, रानात बिब्ब्याच्या झाडापासून दूर राहा, त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात. हिवाळ्याच्या शेवटी खाजकुयलीच्या शेंगांची लव वाऱ्याने उडते, लांब बाह्यांचा शर्ट घाला. वळवाचा आणि परतीचा पाऊस विजेसकट येतो, गडगडाट ऐकू आला की झाडाखालून निघा, अर्धा तास पूर्ण करायचा हट्ट नको. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या पहिल्या पावसात सहज मोडतात.

देवराईत बसणार असाल तर तिथले नियम गावाला विचारा. बहुतेक ठिकाणी चपला बाहेर, आणि पडलेली काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते. म्हणून वडाच्या फळाचा प्रयोग देवराईत करू नका, गावाबाहेरच्या वडाखाली करा.

राइनकाठ

जर्मनीत राहते. इथे पिंपळ-वड नाहीत, आणि आत्ता सगळं बोडकं. सुरुवात करायला एप्रिलची वाट बघू का?

उंबरफूल

मुळीच नको, बोडकी झाडं कळ्यांवरून बघायची असतात. तुमच्याकडे बागांमध्ये हॉर्स चेस्टनट असेलच. त्याची टोकाची कळी मोठी, तपकिरी आणि बोटाला चिकटणारी असते. तिच्या खाली, पान गळलं तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराचा वण असतो आणि त्यात खिळ्यांसारखे ठिपके. ते पानात जाणाऱ्या वाहिन्यांचे तुटलेले शेवट. दर आठवड्याला एकाच कळीची लांबी मोजा. ओक आणि बीचची कोवळी झाडं सुकी पानं हिवाळाभर धरून ठेवतात, तीही बघा. इथे ‘पान गळतं’ म्हणतो ते तिकडे वसंतापर्यंत लांबतं, आणि डाव्या पानावर वेगळेच शब्द येतात.

ठोंब्या

मी चौदाव्या मजल्यावर. खाली रस्त्याला पर्जन्यवृक्ष आहे. वरून चालेल?

टेकडीवाला

चालेल, उलट वरून झाडाचा माथा दिसतो जो खालच्याला कधीच दिसत नाही: घरटी, वरची फुलं, कावळ्यांची ये-जा. आठपट मोठं दाखवणारी (८×४०) दुर्बीण असेल तर छान. पण आठवड्यातून एकदा खाली उतरून साल आणि जमीन बघाच. पर्जन्यवृक्षाच्या शेंगा चिकट असतात आणि त्यांचा वास गोड येतो, ते गॅलरीतून कळणार नाही.

चैत्रपालवी

आमच्या रस्त्यावरचा कडुनिंब काल छाटला. अर्धा माथा गेला. आता त्याच झाडाची नोंद पुढे चालू ठेवायची की दुसरं शोधायचं?

उंबरफूल

तेच ठेवा, आता तर जास्त बघण्यासारखं आहे. कापलेल्या तोंडांची संख्या आणि प्रत्येकाचा व्यास लिहून घ्या. तीन-चार आठवड्यांत छाटलेल्या जागेच्या खालून झुबक्याने कोंब फुटतील. ते सालीखाली दडलेल्या सुप्त कळ्यांतून येतात, आणि त्यांचा सांधा मूळ फांदीइतका भक्कम नसतो. पुढच्या पावसात त्यातले काही गळतील, तेही मोजा.

जखम ‘भरते’ असं लिहू नका. ॲलेक्स शिगो या अमेरिकी संशोधकाने १९७० च्या दशकात दाखवलं की झाड इजा झालेला भाग आतून भिंती घालून वेगळा पाडतं आणि कडेने नवं लाकूड चढवतं. जुनी इजा आत तशीच राहते. कापाच्या कडेला गोल वळी तयार होताना दिसेल, तिची रुंदी दर महिन्याला मोजा. फांदी खोडालगतच्या फुगीर गळपट्टीच्या बाहेर कापली असेल तर वळी सगळीकडून सारखी येते. गळपट्टीसकट सपाट कापली असेल तर एका बाजूने अडते आणि तिथे कूज धरते. कापावर शेण, डांबर, रंग काही लावू नका, त्याचा उपयोग नाही.

परवानगीशिवाय छाटलं असेल तर ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ खाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. झाड ५० वर्षांहून जुनं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष ठरतं, तसा उल्लेख अर्जात करा. अर्जाला तुमच्या उजव्या पानांच्या तारीखवार प्रती जोडा.

चैत्रपालवी

डावी पानं नाही ना जोडायची? :)

खोडपान

ती त्यांनी वाचली तर झाडाऐवजी तुमचीच छाटणी होईल. खोडाचा घेरही अर्जात लिहा. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर सुतळी गुंडाळायची आणि पट्टीवर मोजायची. बुंध्याला पार बांधलेला असेल तर पाराच्या वरच्या फरशीपासून मोजा आणि तसं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याने जमिनीपासून मोजलं की घेर कमी-जास्त भरेल आणि झाड बदललं की माणूस हा वाद सुरू होईल.